मॅक्रो लेन्स घ्यायची का? आणि घ्यायची तर कोणती?



परिसर अभ्यास शिकवताना एक अडचण सगळ्यांनाच येते. मुलांना दाखवायच्या निम्म्या गोष्टी इतक्या लहान असतात की तीस मुलांच्या वर्गात त्या दाखवणारच कशा? भिंगातून एका वेळी एकच मूल बघतं, आणि पाचव्या मुलाचा नंबर येईपर्यंत मुंगी निघून गेलेली असते. फोटो मात्र पळून जात नाही. म्हणून हल्ली बरेच शिक्षक जवळून फोटो काढायला लागले आहेत आणि त्यातूनच प्रश्न येतो, "मॅडम, मॅक्रो लेन्स कोणती घेऊ?"

आधी 'मॅक्रो' म्हणजे काय ते बघू. दुकानात हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. खरा अर्थ सोपा आहे. कॅमेऱ्यात आत सेन्सर असतो, त्यावर वस्तूची प्रतिमा पडते. १० मिमीच्या किड्याची प्रतिमा सेन्सरवरही १० मिमीचीच पडली, तर ते एकास एक. अशी प्रतिमा देणारी लेन्स ही खरी मॅक्रो लेन्स. प्रतिमा ५ मिमीची पडली तर एकास दोन. पुष्कळ झूम लेन्सवर 'मॅक्रो' असं छापलेलं असतं, पण त्या एकास तीन किंवा एकास चारच्याच असतात. त्या वाईट नाहीत, फुलपाखराला पुरतात. मुंगीला मात्र पुरत नाहीत. आणखी एक गंमत म्हणजे निकॉन कंपनी आपल्या मॅक्रो लेन्सना 'मायक्रो' म्हणते, त्यामुळे नावावरून घोळ करून घेऊ नका.

पट्टीचा प्रयोग

कंपनीचे आकडे बाजूला ठेवा आणि कंपासपेटीतली पट्टी घ्या. तुमच्याकडे जे काही आहे, मोबाइल असो की कॅमेरा, ते जितकं जवळ नेऊन स्पष्ट दिसेल तितकं जवळ न्या आणि पट्टीचा आडवा फोटो काढा. आता चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती मिमी आले ते मोजा. मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा असेल तर सेन्सरची रुंदी ३६ मिमी असते. चौकटीत ३६ मिमी आले तर तुमची लेन्स एकास एक. ७२ मिमी आले तर एकास दोन. आपल्यापैकी बहुतेकांकडे असतो तो छोट्या सेन्सरचा डीएसएलआर. त्याची रुंदी २२ ते २४ मिमी. त्याच्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स बहुधा एकास तीनच्या आसपास जाते, म्हणजे चौकटीत साधारण सहा-सात सेंमी बसतात.

हा प्रयोग मुलांकडूनच करून घ्या. समजा मोबाइलच्या चौकटीत ४० मिमी आले. तोच फोटो २८ सेंमी रुंद छापला तर किती पट झाला? २८० भागिले ४०, म्हणजे ७ पट. मग फोटोत ३५ मिमी लांब दिसणारी मुंगी खरी किती? पाचवीची मुलं हे झटकन सांगतात, कारण मुंगी त्यांनी स्वतः पाहिलेली असते. म्हणून सवय लावून घ्या: किड्याचा फोटो झाला की त्याच अंतरावरून पट्टीचाही एक फोटो काढायचा.

मोबाइलवर किती जमतं?

बरंच जमतं. काही स्वस्त मोबाइलमध्ये मॅक्रो नावाचा वेगळा कॅमेरा असतो, बहुधा २ मेगापिक्सेलचा आणि ठरावीक अंतरावरच स्पष्ट दिसणारा. त्याच्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून नंतर कापलेला फोटो अनेकदा चांगला निघतो. दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवा, लगेच कळेल. चिमट्याने मोबाइलला लावायचं भिंग काही शे रुपयांत मिळतं. मधला भाग छान येतो, कडा पसरट होतात. कडेला काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. सोनार वापरतात ते दहापट भिंग घरात असेल तर तेही मोबाइलच्या लेन्ससमोर धरून बघा.

पेशी किंवा पाण्यातले सूक्ष्म जीव बघायचे असतील तर हा सगळा मार्गच वेगळा. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट दाखवतो. कोणतीही नेहमीची मॅक्रो लेन्स ते काम करणार नाही.

लेन्सच घ्यायची असेल तर

आमच्या केंद्रातल्या एका सरांची मुलगी नववीत आहे. तिला किड्यांचे फोटो काढायचा मनापासून नाद. सर पतपेढीचं कर्ज काढून नवी मॅक्रो लेन्स घ्यायला निघाले होते. मी त्यांना विचारलं, "ती नेमकं काय टिपते? फुलं, फुलपाखरं, की कोळी-मुंग्या?" सर म्हणाले, "असं कुठं ठरलंय!" ठरलं नसेल तर कर्ज काढायची घाई नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण लेन्सची निवड यावरच ठरते.

मॅक्रो लेन्स साधारण ५०-६० एमएम, ९० ते १०५ एमएम आणि १५०-१८० एमएम अशा तीन लांबींत मिळतात. तिन्ही गटांत एकास एकच्या लेन्स आहेत, म्हणजे किडा सेन्सरवर तेवढाच मोठा येतो. फरक पडतो तो अंतरात. ६० एमएमच्या लेन्सने एकास एक मिळवायचं तर लेन्सचं तोंड किड्यापासून पाचेक सेंमीवर आणावं लागतं. एवढ्या जवळ गेल्यावर लेन्सची सावली पडते आणि नाकतोडा उडून जातो. १०० एमएमच्या लेन्सला १३-१५ सेंमी मोकळे मिळतात. १५०-१८० एमएमला त्याहून जास्त, पण त्या जड, महाग, हातात धरून स्थिर ठेवायला अवघड.

इथे एक फसगत होते. माहितीपत्रकात 'किमान अंतर ३० सेंमी' लिहिलेलं असतं, ते लेन्सच्या तोंडापासून नसून सेन्सरपासून मोजलेलं असतं. कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला गोल आणि त्यातून गेलेली रेघ अशी खूण असते, ती सेन्सरची जागा. त्यातून सेन्सरपासून लेन्स बसते तिथपर्यंतचं अंतर आणि लेन्सची लांबी वजा झाली की उरतं ते खरं अंतर.

म्हणून फुलं, बिया, पानांच्या शिरा, नाणी, टपाल तिकिटं यांसाठी ५०-६० एमएम पुरे. जिवंत किड्यांसाठी ९० ते १०५ एमएम. एकच घ्यायची तर मी हाच गट सांगेन. टॅमरॉनची ९०, कॅननची १००, निकॉन आणि सिग्माची १०५ या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या लेन्स आहेत, जुन्या बाजारातही मिळतात. आपल्या कॅमेऱ्याला बसते ना, एवढं मात्र दुकानातच लावून बघा. माणसांचे फोटोही या लेन्सने सुरेख येतात, त्यामुळे स्नेहसंमेलनालाही उपयोग होतो!

आणि तोपर्यंत? सरांच्या मुलीकडे ५० एमएमची साधी लेन्स होती. तिला एक्स्टेन्शन ट्यूब घ्यायला सांगितलं. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाही. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवली की लेन्स सेन्सरपासून दूर जाते आणि प्रतिमा मोठी होते. हिशेब सोपा: नळीची लांबी भागिले लेन्सची लांबी. ५० एमएमच्या लेन्सला २५ मिमीची नळी लावली तर अर्धी पट भर पडते, ५० मिमीच्या नळ्या लावल्या तर एक पट, म्हणजे एकास एक. नळी घेताना धातूचे संपर्क असलेली घ्या, नाहीतर बऱ्याच कॅमेऱ्यांत छिद्र लहानमोठं करता येत नाही. नळी लावल्यावर लांबचं काही स्पष्ट दिसत नाही. लेन्स बिघडली असं समजून घाबरू नका.

एक मिलिमीटरची गोष्ट

नवीन लेन्स घेतलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली: "फोटो अर्धाच स्पष्ट येतो." लेन्स खराब नसते. एकास एकवर, फुल फ्रेम कॅमेऱ्यात छिद्र एफ ८ ठेवलं, तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिमी जाडीचा असतो. पावसाच्या तोंडावर शेतात निघणारा मखमली लाल मृगाचा किडा आठवा. त्याचे डोळे स्पष्ट आले तर पाठ धूसर येणारच. छिद्र आणखी लहान केलं, एफ १६ किंवा २२, तर थर वाढतो, पण उजेड घटतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. एफ ८ ते ११ मध्ये राहावं आणि किड्याच्या अंगाला समांतर कॅमेरा धरावा. मृगाच्या किड्याचे पाय मोजायचे असतील तर वरून काढा, सगळे पाय एका पातळीत येतात. आमच्या चौथीच्या वर्गात "किडा म्हणजे सहा पाय" यावरून वाद झाला होता, तो अशाच वरून काढलेल्या फोटोने मिटला. पाय आठ. नाव किडा असलं तरी तो कोळ्यांच्या कुळातला. पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं असतं तर मुलं गप्प बसली असती, पटलं नसतं.

उजेडासाठी सकाळची वेळ धरा. हिवाळ्यात सकाळी किडे गारठलेले असतात, फारसे हलत नाहीत. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरला तर मध्ये बटर पेपर धरा, आणि सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा. वारा असेल तर फांदी कपड्याच्या चिमट्याने काठीला अडकवा. किडे फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायची युक्ती काही जण सांगतात. मुलांसमोर ती कधीच करू नये. लिंबाच्या पानावरची, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी आपणहून स्थिर बसलेली असते. एकदांडीचं फूल तर कुठेच जात नाही, आणि जवळून बघितलं की ते एक फूल नसून फुलांचा गुच्छ आहे हे कळतं.

जुनी लेन्स घेताना

दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या मागच्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत करा. धुळीचे एकदोन कण असले तर काही बिघडत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल दिसायला नको. कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच बुरशीची भीती मोठी. लेन्स चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटात कपड्यांखाली ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, रंग बदलणारं जेल घेतलं तर ओल भरल्याचं लगेच कळतं, आणि महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढून वापरावी.