भरलेली बाटली घरी का येते?

सकाळी शाळेला निघताना दप्तरात ठेवलेली पाण्याची बाटली संध्याकाळी बाहेर काढली, की पुष्कळदा ती जवळजवळ भरलेलीच निघते. "दिवसभर पाणी का प्यायला नाहीस?" असे आईने विचारले, तर उत्तर ठरलेले असते, "तहानच लागली नाही!" हे उत्तर अगदीच खोटे नसते, पण पुरते खरेही नसते. तहान लागते म्हणजे शरीरात नेमके काय घडते, आणि शाळेच्या वेळात ती कुठे हरवते, हे आज पाहू या.

आधी थोडा हिशेब करू. आपल्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे २४ लिटर पाणी आहे! हे पाणी एका जागी साठून राहत नाही. मोठा माणूस थंड दिवशी नुसता बसून राहिला, तरी त्याच्या शरीरातून दोन ते अडीच लिटर पाणी बाहेर पडते. त्यातले साधारण दीड लिटर मूत्रावाटे जाते. बाकीचे बरेचसे श्वासातून आणि त्वचेतून न कळत निघून जाते. आरशावर फुंकर घाला, काच धुरकट होईल. ते तुमच्याच शरीरातले पाणी.

उन्हाळ्यात यात घामाची भर पडते. घाम आला की आपण वैतागतो, पण त्याचे काम केवढे मोठे आहे पाहा. एक लिटर घाम अंगावर वाळतो, तेव्हा तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. एवढ्या उष्णतेत जवळजवळ सहा लिटर बर्फगार पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात हवा शरीरापेक्षाही तापलेली असते. अशा वेळी अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीराजवळ घाम वाळण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही. आणि घाम तयार व्हायचा, तर पाणी हवे.

आता तहानेकडे वळू. त्यासाठी स्वयंपाकघरात चला. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले, की थोड्या वेळाने तिला पाणी सुटते. हे पाणी कुठून आले? काकडीच्या पेशींमधून. पेशीच्या पातळ आवरणाबाहेर मीठ जास्त झाले, की आतले पाणी बाहेर ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. आपल्या शरीरातही हेच चालते. पाणी बाहेर पडत राहिले आणि आत आले नाही, की रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढते. मेंदूच्या तळाशी अधोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे. तेथे आणि त्याच्या लगत काही खास पेशी असतात. रक्त खारट होऊ लागले, की या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, त्या आक्रसतात, आणि आक्रसल्या की संदेश पाठवू लागतात. यालाच आपण तहान म्हणतो! रक्ताच्या खारटपणात एक-दोन टक्क्यांची वाढ झाली, तरी त्यांना ती कळते. आमटीतील मिठात एवढासा फरक पडला, तर तो आपल्या जिभेला समजतही नाही.

हे कळले कसे? १९५० नंतरच्या काही वर्षांत स्वीडनमधील शास्त्रज्ञ बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. शेळीच्या मेंदूच्या याच भागात त्यांनी मिठाचे तीव्र द्रावण अगदी थोडेसे सोडले. शेळीच्या शरीरात पाण्याची मुळीच कमतरता नव्हती, तरीही ती लगेच भराभरा पाणी पिऊ लागली. तहान लागते घशाला असे आपल्याला वाटत असते. पण तिचे मूळ ठाणे मेंदूत आहे, हे या शेळ्यांनी दाखवून दिले.

तहान लागण्याच्याही थोडे आधी आणखी एक गोष्ट घडते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते आणि मूत्रपिंडांना जणू हुकूम देते, "काटकसर करा!" आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के रक्तात परत करतात. हुकूम मिळाला की ती याहूनही अधिक पाणी परत धाडतात. साहजिकच मूत्र कमी आणि दाट होते, त्याचा पिवळा रंग गडद होतो. पण काटकसरीलाही सीमा आहे. शरीरातील टाकाऊ द्रव्ये विरघळवून बाहेर नेण्यासाठी मोठ्या माणसाला दिवसाला निदान अर्धा लिटर मूत्र तयार करावेच लागते.

तेव्हा तहान ही मोठी हुशार पहारेकरीण आहे. "तहान लागली म्हणजे फार उशीर झाला" असे जे सांगितले जाते, ते निरोगी माणसाच्या बाबतीत खरे नाही. "रोज आठ पेले प्यायलेच पाहिजेत" या नियमाचीही गोष्ट तशीच. १९४५ साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते, आणि त्यातले बरेचसे अन्नातूनच मिळते असेही लगेच पुढे लिहिले होते. हे दुसरे वाक्य लोक विसरले, असे अनेकांना वाटते! २००२ साली हाइन्झ वाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञांनी या नियमाला कोठे शास्त्रीय आधार सापडतो का याचा कसून शोध घेतला. त्यांना तो सापडला नाही. युरोपातील तज्ज्ञांनी ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी २.१ लिटर आणि मुलींसाठी १.९ लिटर असा रोजचा आकडा धरला आहे. तोही अन्नातील पाणी मिळवून, आणि हवा बेताची असताना. शिजवलेल्या भातात सुमारे ७० टक्के, दुधात ८७ टक्के, तर काकडीत ९५ टक्के पाणी असते. ताक-आमटीचे तर विचारायलाच नको.

मग पहारेकरीण एवढी हुशार असताना बाटली भरलेली का राहते? कारण तिने हाक मारली, तरी ती प्रत्येक वेळी ऐकली जातेच असे नाही. गणिताचा तास चालू आहे, बाटली दप्तराच्या तळाशी आहे, मध्येच उठले तर बाई रागावतील. मधल्या सुट्टीत डबा, कबड्डी, गप्पा. एखादा घोट घेतला, की तोंड ओले होते आणि तहान तेवढ्यापुरती गप्प बसते. रक्तातील कमतरता मात्र तशीच राहते.

आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. कित्येक शाळांतील मुतारी घाण असते, दाराला कडी नसते, आत पाणी नसते. तेथे जावे लागू नये म्हणून अनेक मुली सकाळपासून पाणी पिण्याचेच टाळतात. ही सवय घातक आहे. मूत्र वारंवार रोखून धरले आणि पाणीही कमी प्यायले, तर मूत्रमार्गात जंतूंचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी हे त्रासही होऊ शकतात. मूत्र सतत दाट राहिले, तर त्यातील क्षारांचे खडे बनू लागतात. इटलीमध्ये एकदा मूतखडा होऊन गेलेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे नजर ठेवण्यात आली. भरपूर पाणी पिण्यास सांगितलेल्या गटात सुमारे १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. अशा मुलींना नुसते "पाणी प्या" म्हणून भागणार नाही. मुतारी धुतलेली हवी आणि तिच्या दाराला कडी हवी. हे काम विद्यार्थ्यांचे नव्हे, मोठ्यांचे आहे. पण मुख्याध्यापकांना तसे पत्र लिहिण्यापासून तुम्हांला कोण अडवणार?

बाकीच्या अडचणींवर उपाय सोपा आहे. पेले मोजत बसण्यापेक्षा पाणी पिणे रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका. सकाळी दात घासले की एक पेला. मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबा उघडण्याआधी अर्धी बाटली. घरी आल्यावर हातपाय धुतले की पुन्हा एक पेला. आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती गूळपाणी देतात, तेव्हा "तहान लागली आहे का?" असे कोणी विचारत बसत नाही. रात्री उशाशी तांब्या भरून ठेवण्याची रीतही अशीच. आठवणीवर भार न टाकता वेळ आणि जागा यांच्याशी पाण्याची सांगड घातलेली आहे.

लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासून पाहिले. त्यांनी ९६ जणांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी नवी कृती रोज एका ठरलेल्या प्रसंगानंतर करायला सांगितली. उदाहरणार्थ, न्याहारीनंतर एक पेला पाणी. बारा आठवड्यांच्या नोंदींवरून असे दिसले, की कृती आपोआप होऊ लागण्यास कोणाला १८ दिवस पुरतात, तर कोणाला २५४ दिवस लागतील. मधला आकडा ६६ निघाला. एखादा दिवस चुकला, तर फारसे बिघडत नाही असेही आढळले. म्हणून आठवड्याभरात जमले नाही, तर निराश होण्याचे कारण नाही. २०१९ साली केरळातील काही शाळांनी दिवसातून दोन-तीनदा खास पाण्याची घंटा वाजवण्यास सुरुवात केली. पुढे इतर राज्यांतील शाळांनीही ती उचलली. घंटा झाली की सगळा वर्ग एकदम पाणी पितो, त्यामुळे उठून परवानगी मागण्याचा प्रश्नच येत नाही.

मात्र पैज लावून घटाघट पाणी पिऊ नका. मूत्रपिंडे तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त झाले, तर रक्तातील सोडियम पातळ होते आणि ते जिवावरही बेतू शकते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉननंतर तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी पडलेले आढळले, आणि धावताना ज्यांनी फार पाणी प्यायले होते त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी प्यावे.

करून पाहा : एका वहीत चार रकाने आखा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात प्यायलेले पाणी, तिसऱ्यात मूत्राचा रंग, चौथ्यात खेळ किंवा ऊन यांची नोंद. रंगासाठी तीनच खुणा पुरेत : लिंबाच्या सरबतासारखा फिकट, पिवळा, गडद पिवळा. सकाळचा रंग गडद असणारच, कारण रात्रभर पाणी मिळालेले नसते. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रंग भडक पिवळा होतो आणि बीट खाल्ल्यावर कधी कधी तांबूस दिसतो, तेव्हा तेही लिहून ठेवा. काही कारण नसता रंग लाल किंवा काळपट दिसला, तर मात्र घरच्यांना लगेच सांगा. ही नोंद शाळेचे पाच दिवस आणि सुट्टीचे दोन दिवस ठेवा. मग शाळेच्या दिवशी दुपारी तीन वाजताचा रंग आणि रविवारी त्याच वेळचा रंग शेजारी शेजारी मांडून पाहा. खो-खो किंवा कबड्डी खेळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करता आले तर फारच छान. मध्ये काही खाल्ले-प्यायले नसेल, तर घटलेल्या प्रत्येक १०० ग्रॅमचा अर्थ सुमारे १०० मिलिलिटर पाणी असा धरा, आणि ते तुमच्या बाटलीत कोठवर येते तेथे खडूने रेघ मारा.