‘मी बघितलो’ : शहापूरच्या बोलीतील चित्रपटमते आणि लेखनाचा एक पाठ

शहापुरात एखाद्या चित्रपटाविषयी कोणाला विचारले, तर उत्तर बहुधा एकाच वाक्याने सुरू होते : ‘मी बघितलो.’ प्रमाण मराठीत हे वाक्य ‘मी पाहिला’ असे होईल. चित्रपट पुल्लिंगी, म्हणून ‘पाहिला’. मालिका असेल तर ‘पाहिली’. नाटक असेल तर ‘पाहिले’. म्हणजे क्रियापद पाहिलेल्या वस्तूच्या मागे जाते. आमच्याकडे ते पाहणाऱ्याच्या मागे जाते. पिक्चर बघितलो, सिरीयल बघितलो, नाटक बघितलो. शेजारच्या कन्नडात ‘नानु सिनेमा नोडिदे’ म्हणतात. तिथेही क्रियापद कर्त्याचेच ऐकते आणि प्रथमपुरुषात स्त्री-पुरुष भेद करत नाही. शहापूर, वडगाव, बेळगावची खेडी, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात कमीअधिक प्रमाणात हीच रचना ऐकू येते, आणि बायकाही ‘मी गेलो’, ‘मी बघितलो’ असेच म्हणतात. यावरून ‘आमच्या बोलीत प्रेक्षक केंद्रस्थानी असतो’ असला सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. व्याकरणाच्या सवयीतून तत्त्वज्ञान काढू लागले की फार लांब जावे लागते.

या लेखाचा विषय त्याहून लहान आहे. चित्रपट पाहून आल्यावर किंवा रात्रीची मालिका संपल्यावर माणसे सहज जे बोलतात, त्यात समीक्षेला लागणारा बराचसा ऐवज असतो. तो मोठ्या शब्दांत नसतो, बारीक अव्ययांत असतो. शाळेत आपण मुलांची भाषा ‘शुद्ध’ करायला घेतो तेव्हा नेमकी ही अव्यये आधी गळतात आणि त्यांच्याबरोबर मतही गळते. मी मराठी शिकवतो. वर्गात चित्रपटाविषयी बोलून घेणे आणि मग त्यावर लिहून घेणे हा पाठ मी नियमाने घेतो. पुढचे विवेचन त्या पाठावर आधारलेले आहे.

पहिले अव्यय ‘खरं’. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ते हमखास फसवते. ‘गाणी भारी हायत खरं स्टोरीत काय दम न्हाई’ या वाक्यात ‘खरं’ म्हणजे ‘सत्य’ नव्हे, ‘पण’. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत हा वापर चालतो. हे वाक्य मुलाने जसेच्या तसे लिहिले, तर तपासणारा ‘खरं’खाली लाल रेघ मारतो किंवा त्याआधी पूर्णविराम घालून वाक्याचे दोन तुकडे करतो : ‘गाणी चांगली आहेत. खरे तर कथेत दम नाही.’ अर्थ जवळचा वाटतो, पण आधी मान्य करून मग उणे काढण्याची जी चाल होती ती मोडली. परीक्षण या प्रकाराचा कणा हीच चाल आहे. तिच्याशिवाय उरते ती एक तर जाहिरात किंवा शिवी.

दुसरे ‘म्हणं’. प्रमाण मराठीत ‘म्हणे’ आहेच, पण लेखी मराठीत ते थट्टेच्या सुरातच जास्त येते. आमच्या बोलण्यात त्याचे काम सरळ आहे : हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. ‘छावा भारी हाय म्हणं’ असे म्हणणाऱ्याने तो चित्रपट पाहिलेला नसतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला, तेव्हा वर्गात पहिल्या आठवड्यात ‘म्हणं’ होते आणि पुढच्या आठवड्यांत ते कमी होत गेले, कारण मुले एकेक करून पाहून आली होती. कोणी पाहिला आणि कोणी नाही हे हात वर करायला न सांगता समजत होते. वर्तमानपत्रांत आणि भाषणांत न पाहता मते देणाऱ्यांची संख्या पाहता, हे अव्यय सक्तीचे करावे असे कधी कधी वाटते.

तिसरे ‘की’. झी मराठीवर २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या राणाचे ‘चालतंय की’ महाराष्ट्रभर गेले. तेव्हापासून अनेकांना हा ‘की’ म्हणजे कोल्हापूरकडच्या बोलीला लावलेला एक गमतीचा गोंडा वाटतो. प्रत्यक्षात तो गोंडा नाही. ‘बरा हाय’ म्हणजे चित्रपट बरा आहे. ‘बरा हाय की’ म्हणजे तू किंवा आणखी कोणी तो वाईट आहे असे धरून चालला आहेस, आणि मला ते पटत नाही. एका अक्षरात समोरच्याच्या मताची नोंद आणि त्याला विरोध, दोन्ही झाले. याच्या उलट टोकाला ‘काय की’ आहे : ‘शेवटाला ती परत आली का न्हाई काय की.’ हे अज्ञान नव्हे. चित्रपटाने शेवट उघडा ठेवला आहे ही नोंद आहे.

आता एक नमुना. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘दशावतार’ आणि तीनच आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, ‘कांतारा : चॅप्टर १’ प्रदर्शित झाला. एकात कोकणातला दशावतारी नट, दुसऱ्यात तुळुनाडूतील दैवाची परंपरा. मराठी आणि कन्नड दोन्ही समजणाऱ्या आमच्या मुलांना दोन्ही चित्रपट बिनउपशीर्षकांचे कळतात. पुण्यामुंबईच्या किती समीक्षकांना हे भाग्य आहे? ‘दशावतार’विषयी नववीतली एक मुलगी वर्गात बोलली ते असे :

‘मी बघितलो की. दादा नेला होता. ते म्हातारं काम भारी केलंय. खरं मागनं लईच मारामारी केल्यात बघा सर. सोंग स्टेजवर होतं तवर बरं वाटलं, मागनं ते कांतारागत व्हायला लागलं. आमच्या बाजूची काकू रडली म्हणं.’

याच मुलीने दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणले ते असे :

‘दशावतार हा एक अतिशय सुंदर चित्रपट आहे. यातील कलाकारांनी उत्कृष्ट अभिनय केला आहे. या चित्रपटातून आपल्याला आपल्या संस्कृतीचे जतन करण्याचा संदेश मिळतो.’

दुसऱ्या उताऱ्यात एकही चूक नाही आणि एकही मत नाही. हे मजकूर कोणत्याही चित्रपटाला लावता येतील. चित्रपट न पाहताही लिहिता येतील. ‘म्हणं’ गेले, म्हणून पाहिलेले आणि ऐकलेले एक झाले. ‘खरं’ गेले, म्हणून मारामारीविषयीची तक्रार गेली. सोंग रंगमंचावर होते तोवर बरे वाटले आणि पुढे चित्रपट दुसऱ्या एका चित्रपटासारखा होऊ लागला, हे त्या बोलण्यातले सर्वांत चांगले निरीक्षण होते. लोककला दाखवणे आणि लोककलेचा थरारासाठी उपयोग करणे यांतला फरक तिने बरोबर पकडला होता. त्याच्या जागी ‘संदेश’ आला.

मुलीला हे कोणी शिकवले? गाइडांनी शिकवले, नमुना निबंधांनी शिकवले, आणि शिक्षकांनीही. परंतु त्यामागे आणखी एक गोष्ट आहे : आपण बोलतो ती मराठी लिहिण्याच्या लायकीची नाही, अशी पक्की समजूत. ती मुलांनी घराबाहेरून, मुख्यतः पडद्यावरून आणली आहे.

पडद्यावर या पट्ट्याची बोली कोणाच्या तोंडी येते ते पाहण्यासारखे आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’त ती भोळ्या पैलवानाच्या तोंडी आहे; नायिका शिक्षिका आहे आणि ती प्रमाण मराठी बोलते. मालिका लोकांना मनापासून आवडली, आमच्या गल्लीतही आवडली, पण भूमिकांची ही वाटणी मुलांच्या नजरेतून सुटत नाही. साहित्यात पाहिले तर बेळगावच्या बोलीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे ‘गणगोत’मधील रावसाहेब. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते आणि कृष्णराव हरिहर हे त्यांचे तिथले स्नेही. गाण्यानाटकाचा हा जातिवंत रसिक आपली मते कन्नड वळणाच्या, शिव्यांनी भरलेल्या मराठीत देतो. पु. लं.नी त्या मतांची थट्टा केलेली नाही. माणसावरचे प्रेम त्या लेखात जागोजाग दिसते. पण पुढे नकला करणाऱ्यांनी रावसाहेबांचा हेल घेतला आणि कान सोडून दिला. आज बेळगावचा माणूस बाहेर तोंड उघडतो तेव्हा ऐकणारा हसायच्या तयारीनेच बसलेला असतो.

याचा परिणाम सांगतो. आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात शिकायला गेली. तिथल्या वर्गात एका चित्रपटाविषयी बोलताना ती ‘मी बघितलो’ म्हणाली आणि वर्ग हसला. द्वेषाने नव्हे, सहज. त्यानंतर ती वर्गात हिंदीत बोलू लागली. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून मराठीसाठी आमच्याकडे किती मोर्चे निघाले याची गणती नाही. त्या मोर्चांत तिचे आजोबा होते. कन्नडच्या सक्तीने जे झाले नाही ते एका हशाने झाले, आणि हसणारे सगळे मराठी होते.

म्हणून २०१६ च्याच ‘सैराट’ची आठवण मुली अजून काढतात ती मला महत्त्वाची वाटते. आर्चीची बोली करमाळ्याकडची, आमची नव्हे. तरी ‘ती आमच्यागत बोलतीया’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! तीच बोली इथे एका दांडग्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या, कोणालाही न भिणाऱ्या मुलीच्या तोंडी होती. पुढच्या वर्षी त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला. रिंकू राजगुरू हिनेच त्यातही नायिका केली. दोन्ही पाहिलेल्या माणसांची मते ऐकणे हा तुलनात्मक समीक्षेचा आयता तास होता. ‘सैराट’च्या शेवटाविषयी मागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला सांगितले होते, ‘शेवटाला आवाजच काढून टाकल्यात बघा.’ शहापूर-वडगावच्या विणकर घरांत माग चालू असताना टीव्ही चालतो. संवाद नीट ऐकू येत नाहीत, पण पार्श्वसंगीत कुठे वाढले आणि कुठे तुटले ते बरोबर कळते. मालिकांविषयी त्या घरांतली नेहमीची तक्रार ‘म्युझिकच लई वाजवत्यात’ ही असते, आणि ती रास्त आहे.

पाठाकडे वळतो. वरच्या मुलीशी पुढे झाले ते असे. तिचे बोलणे मी फळ्यावर जसेच्या तसे लिहिले, ‘बघितलो’सकट. मग वर्गाला विचारले : यात तिने स्वतः पाहिलेले काय, ऐकलेले काय? ‘म्हणं’वर बोट गेले. आवडलेले कुठे संपते आणि न आवडलेले कुठे सुरू होते? ‘खरं’वर बोट गेले. मग मी तिलाच विचारले, काकू रडल्या म्हणं, तू? ती म्हणाली, ‘मी न्हाई रडलो.’ हे तिने आधी सांगितले नव्हते. त्यानंतर तिने लिहिले :

‘दशावतार मी दादाबरोबर पाहिला. दिलीप प्रभावळकरांनी म्हाताऱ्या नटाचे काम फार चांगले केले आहे, पण नंतर मारामारी जास्त झाली आहे. सोंग रंगमंचावर होते तोपर्यंत मला बरे वाटत होते. पुढे तो कांतारासारखा व्हायला लागला. शेजारच्या काकू म्हणे रडल्या. मी रडले नाही.’

यात ‘रडले’ तिने आपण होऊन लिहिले. प्रत्यय मी शेवटी पाहतो, कारण ते दहा मिनिटांत दुरुस्त होतात आणि परीक्षेसाठी ते दुरुस्त झालेच पाहिजेत. दहावीच्या उत्तरपत्रिकेत ‘बघितलो’ला गुण मिळत नाहीत आणि मुलांना तिथे अंधारात ठेवणे हा अन्याय होईल. क्रम मात्र उलटा चालत नाही. प्रत्यय आधी सुधारले की मूल सावध होते आणि सावध मूल ‘अतिशय सुंदर’ लिहिते.

‘खरं’ला ‘पण’ मिळते, ‘म्हणं’ला ‘म्हणे’ किंवा ‘असे ऐकले’. ‘की’ला मात्र लेखी मराठीत सरळ प्रतिशब्द सापडत नाही. ‘बरा हाय की’ हे कसे लिहाल, असे मी वर्गाला विचारतो. ‘बराच आहे’ लिहिले तर भलताच अर्थ होतो. ‘तसा बरा आहे’ यात विरोध नाही, नुसती सवलत आहे. ‘लोक म्हणतात तितका वाईट नाही’ हे जवळ जाते, पण एका अक्षरासाठी पाच शब्द खर्चावे लागतात. गेल्या वर्षी एका मुलाने ‘कोण म्हणतो वाईट आहे?’ असे लिहिले. तपासताना मी त्याखाली रेघ मारली नाही.