घरच्या घरी रेकॉर्डिंग : मल्टिट्रॅक रेकॉर्डर घेण्याआधी

गॅदरिंग आटोपलं की दरवर्षी हॉस्टेलवर एक विषय हमखास निघतो. गाणी स्टेजवर झाली, शिट्ट्या-टाळ्या मिळाल्या, आता फायनल इयरची मंडळी जायच्या आत ती नीट रेकॉर्ड करून ठेवू या. मग कुणीतरी अंधेरीतल्या एखाद्या स्टुडिओचा तासाचा दर विचारून येतो आणि विषय तिथेच थंड होतो. त्यावर दुसरा उपाय सुचतो तो म्हणजे वर्गणी काढून एक पोर्टेबल मल्टिट्रॅक रेकॉर्डर घेण्याचा. कल्पना चांगली आहे. पण वर्गणी काही दरवर्षी निघत नाही, आणि चुकीचं मशीन घेतलं तर ते कॅरमच्या फुटक्या स्ट्रायकरांबरोबर कपाटात पडून राहतं. म्हणून हा लेख.

आधी मल्टिट्रॅक म्हणजे काय ते बघू. एकेकाळी मेहबूब स्टुडिओ किंवा ताडदेवचं फिल्म सेंटर अशा ठिकाणी हिंदी गाण्याचं रेकॉर्डिंग म्हणजे पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त वादक आणि गायक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅकने ही सक्ती काढून टाकली. प्रत्येक आवाज टेपवरच्या स्वतंत्र पट्टीवर घ्यायचा, बाकीच्या पट्ट्या हेडफोनवर ऐकत पुढची भरायची आणि सगळ्यांचं मिश्रण नंतर निवांत करायचं. मोठे हॉल मागे पडून अंधेरी-ओशिवरा-जुहू पट्ट्यात छोटे स्टुडिओ वाढले, त्यामागचं एक मोठं कारण हेच. ग्रेगरी बूथ या संशोधकाने २००८ साली मुंबईच्या या वादकांवर पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना या विषयाची गोडी आहे त्यांनी ते जरूर मिळवून वाचावं.

हे तंत्र घरात आलं १९७९ साली. टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ नावाचं यंत्र काढलं. युक्ती साधी आणि भन्नाट होती. साध्या कॅसेटवर ए बाजूच्या दोन पट्ट्या आणि बी बाजूच्या दोन, अशा चार पट्ट्या असतात. या यंत्राने चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या आणि टेपचा वेग दुप्पट केला. कॅसेट निम्म्या वेळात संपायची, पण चार ट्रॅक मिळायचे. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर काही गाणी बँडला ऐकवण्यासाठी कच्ची म्हणून टेप केली. नंतर बँडबरोबर करून बघितली तरी कॅसेटवरचा रंग काही येईना, म्हणून शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ नावाने बाजारात आली. हा किस्सा गिटारवाले नेहमी सांगतात, पण त्यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. तिथे माणूस एकटा होता. एक गळा, एक गिटार, दोन साधे डायनॅमिक माइक. बाकीचं त्याने नंतर एकेक करून वर चढवलं.

आता मुद्द्यावर येऊ. दुकानात किंवा जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आठ ट्रॅक, सोळा ट्रॅक, चोवीस ट्रॅक. हा आकडा बघून भुलू नका. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : एका वेळी किती आवाज स्वतंत्रपणे आत घेता येतात? टॅस्कॅमचा डीपी-००८ईएक्स आठ ट्रॅकचा आहे, पण एका वेळी दोनच रेकॉर्ड होतात. २००९ सालच्या झूम आर-१६ वर सोळा ट्रॅक आणि एका वेळी आठ. २०२४ च्या झूम आर-४ वर ट्रॅक चार, एका वेळी दोन. ट्रॅक कमी पडले तर जुन्यांचं मिश्रण करून एकात ढकलता येतं, त्याला बाउन्स म्हणतात. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ १९६७ साली चार ट्रॅकच्या मशिनांवर असंच ढकलाढकली करून झाला. पण इनपुट कमी पडले तर उपाय नाही. चौथ्या माणसाला खोलीबाहेर बसवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? त्याला नंतर आत घेऊ. इथेच आपलं संगीत आणि ही मशिनं बनवणाऱ्यांच्या डोक्यातलं संगीत यांची फारकत होते. थर चढवत जाण्याची पद्धत क्लिकवर चालते. कानात मेट्रोनोम टकटक करतो आणि सगळे त्याच्याशी बांधलेले असतात. आपला तबलजी गायकाचं तोंड बघून वाजवतो. हार्मोनियम गळ्याच्या मागून सावलीसारखी जाते. अभंग शेवटी गजरात शिरतो तेव्हा लय किती चढेल हे त्या क्षणी ठरतं. अशा गाण्यात आधी तबला, मग पेटी, मग गळा असं सुटंसुटं घेतलं की सगळं बरोबर असूनही काहीतरी मेल्यासारखं वाटतं. टाळ, कोरस, बासरीचा एखादा तुकडा या गोष्टी नंतर खुशाल चढवा. पण गायक, तबला आणि पेटी एकत्रच हवेत. म्हणजे माइक किती? डग्ग्याला एक, तबल्याला एक, पेटीला एक, गळ्याला एक. चार इनपुट.

म्हणून मशीन शोधण्याआधी कोण काय वाजवणार ते कागदावर लिहा. एकटा गिटार घेऊन गाणारा किंवा कीबोर्डवाला असेल तर दोन इनपुटचं मशीन पुष्कळ झालं. डीपी-००८ईएक्सला प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळं बटण आणि वेगळी फिरकी आहे, मेनूत शिरावं लागत नाही, नवशिक्याला बरं पडतं. पूर्ण बँड आणि खराखुरा ड्रमसेट असेल तर ड्रमलाच किमान चार माइक जातात, तिथे आठ इनपुटच हवेत. झूम आर-१६ नवा बनत नाही, पण जुन्या बाजारात असतो. आर-२० हा त्याच्याच वंशातला, आठ इनपुटचा. आर-१६ घेताना एक लक्षात ठेवा : कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर त्याच्या आठपैकी फक्त दोन इनपुटांवर, पाचव्या आणि सहाव्यावर, मिळते. बाकी सगळीकडे डायनॅमिक माइकच चालतील.

आणि बैठकीच्या गाण्याला? माझं मत विचाराल तर मल्टिट्रॅकच्या शेल्फवर बघूच नका. झूम एच-४एन हा हातात मावणारा रेकॉर्डर घ्या. त्यात चार चॅनलची एक सोय आहे. वरचे अंगभूत दोन माइक आणि खाली लावलेले दोन बाहेरचे माइक, चारही एकदम रेकॉर्ड होतात. मशीन छोट्या स्टँडवर तबल्यासमोर ठेवायचं, म्हणजे अंगभूत माइकना डग्गा-तबला मिळतो. बाहेरचा एक माइक गळ्याला, एक पेटीला. या सोयीत मशिनवरच थर चढवता येत नाहीत, ते काम नंतर कॉम्प्युटरवर करावं लागतं. पण बैठकीचा जीव त्यात उतरतो. बजेट थोडं सैल असेल तर एच-६ वर बाहेरचे चार माइक लागतात.

माइक कमी असतील तर मिक्सिंग बसण्यातच करायचं. आपले बुजुर्ग हेच करत आले. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं सर्वात कमी ऐकू येतं, म्हणून गायकाच्या माइकची पाठ तबल्याकडे करा. पेटी गायक स्वतःच वाजवत असेल तर माइक खालून वर, हनुवटीच्या दिशेने रोखा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे राहते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा स्पीकरवर वाजवत ठेवू नका. तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि मग कुठेही काट मारता येत नाही. गायकाच्या कानात द्या आणि शेवटी वेगळ्या ट्रॅकवर घ्या. तानपुऱ्याला गायकाचं तोंड बघावं लागत नाही.

आता बिटांची गोष्ट. कॉम्प्युटर आणि ईएक्सटीसीवाल्यांचा हा आवडता वाद : सोळा बिट, चोवीस बिट की बत्तीस बिट फ्लोट? एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. सोळा बिटांना ९६, चोवीसला कागदोपत्री १४४. आता आपल्या खोलीत या. रात्री पंखा बंद करून, खिडक्या लावूनही खोलीचा स्वतःचा आवाज ३५-४० डेसिबल धरा. जवळच्या माइकवर गायकाचा खडा आवाज ९० च्या आसपास. मधलं अंतर पन्नास-पंचावन्न डेसिबल, म्हणजे नऊ-दहा बिटांचं काम. सोळा बिटसुद्धा उरतात! उलट माइक ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला तर आवाजाची पातळी १२ डेसिबलने वाढते आणि खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. दोन बिट फुकटात.

पण चोवीस बिटांचा एक खरा उपयोग आहे. पातळी भीत भीत खाली ठेवता येते, नंतर वाढवली तरी खरखर येत नाही. हे ढोलकीवाल्यांसाठी महत्त्वाचं. टेस्टिंगला ढोलकीवाला दबकून वाजवतो आणि खऱ्या टेकला रंगला की हात सुटतो, मग शेंड्याच कापल्या जातात. टेस्टिंगच्या वेळी सर्वात मोठी थाप १२ डेसिबल खाली राहील अशी पातळी लावा. बत्तीस बिट फ्लोटचं मशीन असेल तर फाइल कापली जाण्याची धास्ती जवळजवळ संपते. ताशाला चिकटवलेला माइकच फाटला तर मात्र फ्लोटही काही करू शकत नाही.

कार्डाचा हिशोबही करून टाकू. ४४,१०० नमुने, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे चोवीस बिटांचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी. पाच मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं ३१८ एमबी. ३२ जीबीच्या कार्डावर शंभरेक गाणी. तेव्हा मेमरीसाठी जादा पैसे मोजू नका.

खरी अडचण मुंबई आहे. घाटकोपर-साकीनाक्याच्या डोक्यावरून विमानं उतरतात, अंधेरीत मेट्रो खिडकीच्या उंचीवरून जाते, मुलुंडला मालगाडीची शिट्टी, बोरिवलीत समोरच्या सोसायटीचा पंप. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली निघेपर्यंतचा वेळ आपला, आणि तोही रेक्टरसरांच्या परवानगीने. खोलीतल्या गाद्या उभ्या करून गायकाच्या पाठीशी आणि दोन्ही बाजूंना लावा. त्याने बाहेरचा आवाज थांबत नाही, पण भिंतींवरून परत येणारा घुमारा नक्की कमी होतो. पावसाळ्यात पत्र्याखाली प्रयत्नही करू नका.

जुन्या बिल्डिंगमध्ये आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे अर्थिंग. प्लग टू-पिन, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची घूं. लॅपटॉपचा चार्जर जोडला की ती वाढते. बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर इथे भाव खाऊन जातो. मेनशी संबंधच तोडला की घूं बहुतेक वेळा गायब. डीपी-००८ईएक्सला चार पेन्सिल सेल लागतात, आर-१६ ला सहा. रिचार्जेबल घ्या आणि मेनूत सेलचा प्रकार तसा निवडा, कारण ते दीड नव्हे तर १.२ व्होल्टचे असतात आणि मशीन उगाच ‘बॅटरी लो’ म्हणून ओरडत राहतं. फॅन्टम पॉवर चालू असेल तर सेल भराभर उतरतात.

मग लॅपटॉप आणि दोन इनपुटचा इंटरफेस का नको? एकट्या माणसाला तोच घ्या म्हणेन. स्वस्त पडतो आणि एडिटिंगही तिथेच होतं. फक्त ब्लूटूथ हेडफोनवर मॉनिटरिंग करू नका, आवाज इतका उशिरा पोचतो की तालात राहणं अशक्य होतं. पण क्लबचं गणित वेगळं आहे. लॅपटॉप कुणा एकाचा असतो. मे महिन्यात तो पुण्याला, बंगलोरला नाहीतर एमएस करायला निघून जातो आणि तीन वर्षांची गाणी त्याच्याबरोबर जातात. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये होती, पासवर्ड काय, काही पत्ता नसतो. रेकॉर्डर क्लबच्या कपाटात राहतो आणि कार्डावरच्या साध्या वेव्ह फाइली पुढच्या बॅचला कशावरही उघडता येतात.

सगळे पैसे मशिनवर घालवू नका. माझ्या हिशोबाने निम्मे मशीनला आणि निम्मे माइक, स्टँड, वायरी आणि कान पूर्ण झाकणाऱ्या वायरवाल्या हेडफोनला. माइकमध्ये शुअर एसएम-५८ आडदांड आहे, पडला-झडला तरी चालतो. मात्र त्याच्या नकला फार, म्हणून नावाजलेल्या दुकानातूनच घ्या. धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये जाऊन निदान वस्तू हाताळून तरी या. परदेशातून कुणी आणणार किंवा मागवणार असेल तर ड्युटी आणि कर धरून किंमत काढा, मग कित्येकदा इथली बरी वाटते.

जुना घ्यायचा तर स्वतःचे सेल, स्वतःचं कार्ड, एक माइक आणि हेडफोन घेऊन जा. आधी कार्ड कुठलं लागतं ते बघा. २००० नंतरच्या दशकातली काही मशिनं स्मार्टमीडिया नाहीतर कॉम्पॅक्टफ्लॅश मागतात. फॉस्टेक्स एमआर-८ हा कॉम्पॅक्टफ्लॅशवाला. स्मार्टमीडिया तर बनणंच बंद झालं आहे, फुकट दिलं तरी घेऊ नका. मग सेलचं झाकण उघडा, स्प्रिंगवर हिरवट-पांढरी भुकटी असेल तर किंमत पाडा. प्रत्येक फेडर हेडफोन लावून वरखाली करा. मुंबईच्या दमट हवेत ते खरखरायला लागतात. प्रत्येक इनपुटमध्ये माइक लावून दहा-दहा सेकंद बोला, फॅन्टम पॉवर असेल तर कंडेन्सर माइक जोडून तीही तपासा. शेवटी कार्ड काढून कॉम्प्युटरमध्ये घाला आणि फाइल उघडते का बघा. विकणारा घाई करायला लागला तर सरळ परत या.

आणि घाई नसेल तर आधी एक दिवस भाड्याने आणा. शनिवारी रात्री खरं गाणं, खऱ्या माणसांसह रेकॉर्ड करा. चार तासांत कळेल की दोन इनपुट पुरतात की नाही. त्या रात्रीच्या फाइलींना तारीख, गाणं आणि वाजवणाऱ्यांची नावं द्या आणि झोपण्याआधी कार्डाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.