अवधूताचे मुके गुरू आणि बोलणारा कपोत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या चातुर्मासात आपल्या लांज्याच्या मंदिरात एकनाथी भागवताचा सातवा अध्याय चालला होता. कपोताचे आख्यान संपले, आरती झाली, आणि प्रसाद घेताना एका काकूंनी मला गाठले. म्हणाल्या, "भाऊ, त्या पारव्याचं चुकलं काय हो? पोरांवर माया केली हाच ना गुन्हा? माझी दोन्ही पोरं मुंबईला. गणपतीत येतात नि जातात. मग मीसुद्धा जाळ्यातच की!"

मी नेहमीचे "संसार असार आहे" असे काहीतरी बोललो; पण ते त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. घरी येऊन पोथी काढली आणि सात ते नऊ हे तीन अध्याय पेन्सिल घेऊन पुन्हा वाचले. मी वाणिज्य शाखेचा, जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेला. साहित्यशास्त्रात माझा अधिकार नाही. पण वाचताना जे टिपून ठेवले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रसंग कोणता?

श्रीकृष्ण निजधामाला निघाले आहेत. उद्धवाला तो वियोग सोसवत नाही. त्याला समजावताना भगवंत यदुराजा आणि अवधूत यांचा जुना संवाद सांगतात. मूळ भागवतात येथे 'अवधूत' एवढेच म्हटले आहे. परंपरेने आपण त्यांना श्रीदत्तात्रेय मानतो. यदूने विचारले, तुम्ही इतके आनंदात कसे? अवधूतांनी उत्तरात आपले २४ गुरू सांगितले.

या २४ गुरूंत पृथ्वी, वायू, समुद्र आहेत, पिंगला वेश्या आहे, लहान बालक आहे. जिवाजंतूंची मी मोजदाद केली, ती ११ भरली: कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी. म्हणजे जवळजवळ निम्मे गुरू किडा-मुंगी, पशु-पक्ष्यांतले.

प्राणी मोठा कसा होतो?

शाळेत आपण चेतनगुणोक्ती अलंकार शिकलो. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते अशी कल्पना करायची. प्राण्याला माणसाचे मन किंवा वाचा देणे हा त्याच घरचा प्रकार. त्याला मानवीकरण म्हणू. दत्तप्रभूंच्या तसबिरीतले चार श्वान म्हणजे चार वेद आणि गाय म्हणजे पृथ्वी, हे मात्र मानवीकरण नव्हे, ते प्रतीक. तेथे श्वानाच्या मनात काय आहे हे कोणी सांगत नाही.

अवधूतांच्या प्राण्यांत मला तीन गट दिसले.

पहिला गट, मुके गुरू. अजगर पडून असतो, तोंडाशी येईल ते खातो. तो त्याचा देहधर्म. पण सांगणाऱ्याने त्या पडून राहण्याला 'समाधान' असे नाव दिले, आणि अजगर एकदम योग्याच्या पंक्तीला बसला. साप दुसऱ्याच्या बिळात राहतो, त्याला 'घर न बांधणारा विरक्त' म्हटले. आणि कोळी तर पाहा. दिवाळीच्या साफसफाईत आपण केरसुणीने ज्याचे जाळे काढतो तो! स्वतःतून तंतू काढतो, त्यात खेळतो, पुन्हा गिळतो. त्याला थेट जग निर्माण करणाऱ्या परमेश्वराच्या कामाचा दाखला केले. या कोणालाही वाचा दिलेली नाही. त्यांच्या कृतीला फक्त अर्थ दिला, आणि तेवढ्याने ते मोठे झाले.

दुसरा गट, एकेका इंद्रियाने फसलेले. पतंग रूपाला, हरीण नादाला, मासा चवीला, हत्ती स्पर्शाला. मधमाशीचे दोन धडे आहेत: फुलाफुलांतून थोडे घ्यावे हा चांगला, साठवून ठेवले की साठ्यासह नाश हा वाईट. अकरांत अंगाने सर्वांत बलवान हत्ती, आणि हत्तिणीच्या मोहाने खड्ड्यात पडतो तोच. म्हणजे प्राण्याचे बळ लेखक अंगावरून ठरवत नाही.

तिसऱ्या गटात एकटा कपोत. अकरा जीवांत माणसासारखा बोलतो तो हाच. झाडावर घरटे, बायकोवर प्रीती, अंडी, पिल्ले, त्यांचे चिवचिवणे, सगळा प्रपंच सविस्तर येतो. मग व्याध जाळे टाकतो. पिल्ले अडकतात, त्यांच्या मागोमाग कपोती झेपावते. उरलेला कपोत विलाप करतो, आणि त्या विलापात आपले धर्म-अर्थ-काम साधणारे घर बुडाले असे म्हणतो. पारवा पुरुषार्थांची भाषा बोलतो! येथे मी पेन्सिल खाली ठेवली. हा पारवा नाहीच, हे आपण आहोत.

आणि गंमत अशी की सर्वांत जास्त माणूसपण ज्याला दिले, तोच सर्वांत दुबळा निघाला. जाळे डोळ्यांना दिसत असून तो आपणहून त्यात पडतो.

याच्या उलट उदाहरण पैठणचे. ज्ञानेश्वर माउलींनी रेड्यामुखी वेद वदविले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. तेथेही प्राण्याला वाचा मिळाली. पण रेड्याने स्वतःचे दुःख नाही सांगितले, त्याच्या मुखातून वेद आले, म्हणून शास्त्रीपंडितांची मान खाली गेली. वाचा दोघांनाही मिळाली. त्या वाचेतून 'माझे, माझे' येते की त्यापलीकडचे काही, यावर बळ ठरते.

एक सावधगिरी

कुंभारीण माशी आपल्या पडवीच्या भिंतीवर मातीचे घर करते. तिने कोंडलेली अळी भीतीने तिचे ध्यान करता करता तिच्यासारखीच होते, असा दृष्टांत आहे. शास्त्र सांगते की माशी अळीला डंख मारून निपचित करते, तिच्याबरोबर अंडे घालते, आणि बाहेर येते ती त्या अंड्यातली, अळी खाऊन वाढलेली माशी. नातवंडांनी हे सांगितले तर रागावू नये. दृष्टांताची एकच बाजू घ्यायची असते: मन ज्याचे ध्यान करते तसे होते. ते खरेच आहे.

मग कपोताचे चुकले काय?

भागवताने कपोताला दोष दिला तो स्नेहाचा नव्हे. तेथे शब्द 'अतिस्नेह' असा आहे. त्या 'अति'वर आपण बोट ठेवत नाही म्हणून गोंधळ होतो. हे मराठीत सांगणारे नाथमहाराज स्वतः संसारी होते. मुलगा हरिपंडित, दोन मुली. वडील मराठीत निरूपण करतात हे न रुचून हरिपंडित काशीला निघून गेले, असे परंपरा सांगते. नाथांना दुःख झाले नसेल का? पण त्यांनी निरूपण सोडले नाही आणि मुलगाही टाकला नाही. पुढे काशीला जाऊन त्याला परत आणले. १५७३ साली काशीत पूर्ण झालेल्या या ग्रंथातला कपोत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

पारायण करताना प्रत्येक प्राण्यापाशी तीन प्रश्न विचारावेत. याचा देहधर्म कोणता? सांगणाऱ्याने त्याला कोणता अर्थ दिला? आणि त्यातले माझ्यात काय आहे? तिसऱ्या प्रश्नाशिवाय पहिले दोन नुसती बेरीज-वजाबाकी.

हे सगळे टिपण घेऊन मी काकूंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरांच्या फोनची वाट बघायची, पण फोन नाही आला म्हणून जेवण सोडायचं नाही. असंच ना?"

माझ्या चार पानांचा अर्थ त्यांनी एका वाक्यात सांगितला. अवधूतांच्या यादीत नसलेला हा पंचविसावा गुरू मला लांज्यातच भेटला.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥