फिरत्या शेगड्यावर फ्लाय बांधताना

मी पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नदीच्या काठी राहतो. हिवाळ्यात नदी गारठली की फ्लाय बांधायला बसतो. कोंबड्याची पिसं, हरणाच्या शेपटीचे केस, दोरा आणि तार हुकावर गुंडाळून माशासाठी केलेलं हे खोटं भक्ष्य. हूक धरायला छोटा शेगडा लागतो. माझा शेगडा हुकासकट गोल फिरतो. त्यावर काम करून जे कळलं ते असं:

१. आधी आस जुळवा. हुकाची सरळ दांडी शेगड्याच्या आसातच बसली पाहिजे. दांडीच्या पुढच्या टोकाशी सुई धरा आणि मूठ फिरवा. टोक जागेवर राहिलं तर ठीक, घुमायला लागलं तर जबड्यातला हूक सरकवा. १० नंबरचा काढून १४ नंबरचा लावलात तर हे पुन्हा करायचं.

२. फिरवण्याआधी दोरा हुकाच्या डोळ्यापाशी आणा, एक गाठ मारा आणि बॉबिन, म्हणजे दोऱ्याच्या रिळाची पकड, समोरच्या टेकूवर ठेवा. बॉबिन लोंबकळत राहिली तर फिरवताना दोराही दांडीभर गुंडाळला जातो.

३. दिशेचा विचार करा. हे सगळ्यात कमी सांगितलं जातं, म्हणून सविस्तर लिहितो. इथल्याच, पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये केलेली वूली बगर घ्या: मऊ पिसांची शेपटी, शनीलच्या दोरीचं अंग, त्यावर शेपटीपासून डोळ्यापर्यंत गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस. या पिसाचा दांडा नाजूक असतो आणि माशाच्या दातांनी तुटतो. म्हणून वरून तांब्याची बारीक तार घेतात. हात स्थिर ठेवून, हुकाची वरची बाजू आपल्याकडे येईल असं फिरवलं की पीस नेहमीच्या दिशेने बसतं. तारेच्या वेळी मात्र वरची बाजू आपल्यापासून दूर जाईल असं फिरवा. मग तार पिसाच्या प्रत्येक वेढ्याला आडवी छेदते आणि त्याला धरून ठेवते. फिरवताना तंतू तारेखाली दबतात, ते सुईने मोकळे करत पुढे जा. शेवटी दोरा तारेच्या उलट दिशेने जातो, म्हणून तो घट्ट बसेपर्यंत तारेवरचा ताण सोडू नका.

४. शेगडा फिरतो तो वेग वाढवायला, असं बहुतेकांना वाटतं. मला त्याचा खरा उपयोग पाहण्यात दिसतो. आपल्याला फ्लायची आपल्याकडची बाजू दिसते; मासा मात्र बरेचदा ती खालून पाहतो. दर टप्प्यानंतर अर्धी फेरी द्या. पोटाखाली शनील विरळ पडली असेल किंवा शेपटी पलीकडे कलंडली असेल, तर ते तेव्हाच दिसतं आणि चार वेढे उलगडून दुरुस्त होतं.

५. बॉब क्लाउझर यांची मिनो ही फ्लाय याच नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी जन्मली. धातूच्या डोळ्यांच्या वजनाने ती पाण्यात उलटी, हुकाचं टोक वर करून चालते. त्यामुळे निम्मे केस हूक उलटा करूनच बांधायचे. इथे फेरी अर्धीच द्यायची आणि शेगड्याचं फिरणं अडवणारी कळ घट्ट आवळायची.

६. इपॉक्सी लावल्यावर ती सुकेपर्यंत सावकाश फिरवत राहा, नाहीतर थेंब खाली ओघळून थिजतो.

७. पॅराशूट फ्लायला फिरण्याचा उपयोग नाही, कारण तिथे पीस उभ्या खुंटाभोवती जातं. १८-२० नंबरच्या कोरड्या फ्लायवरही तीन-चार वेढे हातानेच लवकर होतात.

८. विकत घेताना आधी जबडा तपासा. मोठा हूक लावून दोरा जोरात खाली ओढून पाहा. हूक तसूभरही हलला तर तो शेगडा कितीही सुंदर फिरत असला तरी दुकानातच ठेवा.