श्रेयांकांचा भार आणि पदवीची अंतिम श्रेणी

सहा विषयांच्या गुणांची बेरीज करून टक्केवारी काढण्याची पद्धत अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ पासून निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीचा पुरस्कार केल्यानंतर मात्र देशभरातील विद्यापीठांच्या गुणपत्रिकांचे स्वरूप पालटले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मुळे या पद्धतीला अधिक व्यापक अधिष्ठान लाभले. तथापि, अंतिम श्रेणी कशी निघते याविषयी विद्यार्थी व पालकांमध्ये आजही पुरेशी स्पष्टता आढळत नाही.

श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक हे अभ्यासाच्या भाराचे माप आहे. आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संपूर्ण सत्रात दर आठवड्याला एक तास व्याख्यान अथवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक होय. गुणांचे रूपांतर दहा बिंदूंच्या श्रेणीत होते. सर्वोच्च ‘ओ’ श्रेणीस १०, ‘ए-प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी-प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, केवळ उत्तीर्णास ४ आणि अनुत्तीर्णास शून्य श्रेणीगुण मिळतात.

सत्राची सरासरी

प्रत्येक विषयाचे श्रेयांक व श्रेणीगुण यांचा गुणाकार करावा, या गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागावे. येणारा भागाकार म्हणजे सत्राची श्रेणी-सरासरी, अर्थात एसजीपीए. उदाहरणार्थ, एका विद्यार्थ्याचे विषय पुढीलप्रमाणे आहेत असे समजू :

अर्थशास्त्र : ६ श्रेयांक × ६ = ३६
सांख्यिकी : ६ श्रेयांक × ७ = ४२
पर्यावरण : ४ श्रेयांक × ८ = ३२
भाषा : २ श्रेयांक × ९ = १८
कौशल्य विषय : २ श्रेयांक × १० = २०

एकूण १४८ भागिले २० म्हणजे ७.४० ही सत्राची सरासरी होय. पाच श्रेणीगुणांची साधी सरासरी ८ येते. परंतु ती ग्राह्य नाही. अर्थशास्त्रात एक श्रेणी वाढली असती तर सरासरी ७.७० झाली असती. दोन श्रेयांकांच्या विषयात एक श्रेणी वाढली तरी फरक केवळ ०.१० इतकाच पडतो. अभ्यासाच्या वेळेचे नियोजन करताना हे प्रमाण ध्यानात घेणे हिताचे ठरते.

अंतिम सरासरी

सर्व सत्रांची एकत्रित सरासरी, म्हणजेच सीजीपीए, याच तत्त्वावर काढली जाते. पहिल्या सत्रात २० श्रेयांक व ७.४०, दुसऱ्या सत्रात २४ श्रेयांक व ६.५० असल्यास १४८ आणि १५६ यांची बेरीज ३०४ होते. तिला ४४ ने भागल्यास ६.९१ मिळतात. दोन सत्रांच्या सरासऱ्या मिळवून निम्म्या केल्यास ६.९५ हा चुकीचा आकडा येतो. सर्व सत्रांचे श्रेयांक समान असतील तरच साधी सरासरी चालते.

टक्केवारीचा प्रश्न

खरी अडचण रूपांतराच्या वेळी उद्भवते. समजा, पदव्युत्तर विद्यार्थ्याची सरासरी ६.०० आहे. दहाने गुणल्यास ६० टक्के, साडेनऊने गुणल्यास ५७ टक्के होतात, तर ६.२५ म्हणजे ५५ टक्के मानणाऱ्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्रानुसार ती ५२.५ टक्केच भरते. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला खुल्या प्रवर्गातील उमेदवारास पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आवश्यक असतात. म्हणजेच एकाच कामगिरीचा विद्यार्थी एका सूत्राने पात्र, तर दुसऱ्याने अपात्र ठरू शकतो.

म्हणून विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाचे अधिकृत रूपांतर सूत्र प्रवेशाच्या वेळीच जाणून घ्यावे आणि गुणपत्रिकेसोबत त्याचे प्रमाणपत्र मिळवावे. शैक्षणिक श्रेयांक बँकेमुळे २०२१ पासून एका संस्थेतील श्रेयांक दुसऱ्या संस्थेत नेण्याचा मार्ग खुला झाला आहे. श्रेयांक राज्याराज्यांत फिरू लागले असताना त्यांच्या मूल्यमापनाची सूत्रेही परस्परांशी जुळणे अगत्याचे आहे. त्याशिवाय या सुधारणेचा लाभ शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार नाही.