ससून म्हणजे कोण?

आमच्या गावात कुणी जास्त आजारी पडलं, की "त्याला ससूनला नेलं" असे म्हणतात. माझ्या आजीला वाटायचे, ससून म्हणजे मोठा दवाखाना. पण ससून हे एका माणसाचे आडनाव आहे. गुरुजींनी सांगितलेली त्यांची माहिती मी येथे लिहिते.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदाद शहरात झाला. ते ज्यू धर्माचे होते. तेथील सुभेदाराने ज्यू लोकांचा छळ मांडला, म्हणून त्यांना घरदार सोडावे लागले. १८३२ च्या सुमारास ते मुंबईला आले. व्यापारात त्यांनी पुष्कळ पैसा मिळवला. ते कापूस, कापड आणि अफूचाही व्यापार करीत. अफूमुळे चीन देशातल्या लोकांचे फार नुकसान झाले. थोर माणसाची माहिती सांगताना अशी गोष्ट लपवू नये, असे गुरुजी म्हणाले.

ससूनशेठनी पैसा नुसता साठवून ठेवला नाही. पुण्याच्या रुग्णालयाला त्यांनी मोठी देणगी दिली. पुण्यातच ज्यू लोकांसाठी लाल विटांचे प्रार्थनामंदिर बांधायला घेतले. त्याला लोक लाल देऊळ म्हणतात. मुंबईच्या वाचनालयाला त्यांनी ६०,००० रुपये दिले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

७ नोव्हेंबर १८६४ रोजी ते पुण्यात वारले. रुग्णालय आणि लाल देऊळ १८६७ साली पुरे झाले आणि वाचनालय १८७० साली. म्हणजे या तीनपैकी एकही इमारत पुरी झालेली त्यांनी पाहिली नाही! मागे राहिलेल्या माणसांनी ती कामे तडीस नेली. ससूनशेठची कबर लाल देवळाच्या आवारात आहे.

माणसासारखी इमारतही म्हातारी होते. दीडशे वर्षांत मुंबईच्या वाचनालयाची पडझड झाली होती. मग लोकांनी पैसे जमवून ते नीट दुरुस्त केले. पूर्वीसारखे उतरते छप्पर पुन्हा बसवले. २०२३ साली ते वाचकांसाठी परत उघडले. पुण्याच्या ससून रुग्णालयात तर आजही रोज लांबून लांबून गरीब रोगी येतात. तेथेच मुले-मुली डॉक्टरकी शिकतात. माझ्या मते हीच त्यांची खरी आठवण. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला, की झालं, असं नाही. दिलेली वस्तू वापरात ठेवावी, ती मोडली तर दुरुस्त करावी आणि देणाऱ्याचे नाव मुलांना सांगावे.

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात देणगीदारांची पाटी आहे. रंग देताना तिच्यावरची चार नावे पुसट झाली आहेत. आम्ही चौथीची मुले ती वहीत उतरून घेत आहोत. पालकांना विनंती, की ही माणसे कोण होती ते तुम्हाला ठाऊक असेल, तर आम्हाला जरूर सांगा. नाहीतर पुढे त्यांचंही ससूनसारखंच होईल. नाव सगळ्यांच्या तोंडी, पण माणूस कुणालाच माहीत नाही.